हातातला दिवा, खिडकीतला दिवा

ओमतीला ज्या घराच्या माडीवर आम्ही गेली चार वर्षे भाड्याने राहत आहोत, त्या घराच्या मालकांच्या बैठकीत एक चित्र टांगलेले आहे. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी ते कोठे ना कोठे पाहिलेले असणार. काळोखात उभी असलेली एक स्त्री. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. त्या आडोशाच्या बोटांतून पाझरणारा तांबूस उजेड, आणि खालून वर चढत चेहऱ्यावर येऊन विसावलेला तोच उजेड. चित्र कोणा व्यापारी पेढीच्या दिनदर्शिकेचे आहे. वर्ष सरल्यावर तारखांचा भाग कापून टाकून वरचा भाग काचेत बसवलेला आहे, आणि काचेच्या खालच्या कडेशी बारीक इंग्रजी अक्षरांत चित्रकाराचे नाव छापलेले दिसते: राजा रविवर्मा.

हे नाव चुकीचे आहे. चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे; 'ग्लो ऑफ होप' हे त्याचे नाव आणि १९४५-४६ हा त्याचा काळ. रविवर्मा १९०६ साली निवर्तले. म्हणजे आपल्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी त्यांनी हे चित्र रंगवले, असा या दिनदर्शिकेचा दावा आहे! पण हसण्याचा अधिकार आम्हांस फारसा नाही. म्हैसूरला जाऊन मूळ चित्र पाहीपर्यंत आम्हीही ते रविवर्म्याचेच समजत होतो, आणि महाविद्यालयात असताना एका निबंधात तसे लिहून त्यावर बरे गुणही मिळवले होते. सरकारी कचेरीत उमेदवारी केलेल्या माणसास ही गोष्ट तशी नवलाची वाटू नये. मसुदा कारकुनाचा आणि सही साहेबांची, हा आमच्या नित्य परिचयाचाच व्यवहार. फरक एवढाच की, फाइलीच्या समासात कारकुनाची आद्याक्षरे तरी राहतात. दिनदर्शिकेला समास नसतो.

आता कोणी म्हणेल की, चित्र सुंदर आहे हे पुरे. ते कोणाचे याची उठाठेव कशाला? आणि तुम्हांला तळमळ लागली ती हळदणकर मराठी म्हणून. या आरोपात थोडे तथ्य आहे, ते आम्ही नाकारीत नाही. परमुलखात राहणाऱ्या माणसाला आपल्या माणसाचे नाव पुसले गेलेले अंमळ अधिकच लागते. परंतु खरे कारण निराळे आहे. चित्राखालचे नाव बदलले की चित्र पाहण्याची रीत बदलते, आणि या चित्राच्या बाबतीत तर ती नेमकी उलटी होते.

रविवर्म्याची स्त्री नेहमी एखाद्या कथेत उभी असते. दमयंती असो, शकुंतला असो, तिच्या पापणीच्या हालचालीस मागचा-पुढचा प्रसंग असतो, आणि तो ठाऊक असल्याशिवाय चित्र अर्धे मुके राहते. घरगुती विषय हाती घेतला तरी हा त्यांचा स्वभाव सुटत नाही. १८९३ मधील 'देअर कम्स पापा' या चित्रात त्यांची स्वतःची कन्या मूल कडेवर घेऊन उभी आहे; पण तीही चौकटीबाहेरच्या कोणाच्या तरी येण्याकडे पाहत आहे. म्हणजे तेथेही प्रवेश चालू आहे, पात्र यायचे आहे. हळदणकरांच्या चित्रातही त्यांची कन्याच उभी आहे. तिचे नाव गीता. पुढे उपळेकर घराण्यात गेलेल्या या बाई वयाची शंभरी ओलांडून २०१८ साली कोल्हापुरात निवर्तल्या. दिवाळीच्या दिवसांत हाती दिवा घेतलेली मुलगी वडिलांच्या नजरेस पडली आणि त्यांनी तिला तशीच उभी केली, ही हकीकत आता सर्वत्र सांगितली जाते. पण चित्रातल्या बाईचे कोणी यायचे नाही आणि कोणी गेलेलेही नाही. तिची नजर ज्योतीपलीकडे जात नाही. एका जागेवरून दुसऱ्या जागी दिवा न्यायचा आहे आणि वाटेत तो विझू द्यायचा नाही, एवढेच तिचे काम. तिन्हीसांजेला आपल्या आया-बहिणी जे रोज करीत आल्या, त्याहून रतिभर जास्त या चित्रात काही घडत नाही. या बाईला रविवर्म्याच्या पंक्तीत बसवले की आपण तिची गोष्ट शोधू लागतो, कोणी तिला विरहिणी करतो तर कोणी देवी. आणि ती जे करीत आहे तेच पाहायचे राहून जाते.

दुसरी गोष्ट माध्यमाची. रविवर्म्याचे नाव वाचले की डोळा आपोआप तैलरंग पाहू लागतो. हे चित्र जलरंगाचे आहे. या एका शब्दाने किती फरक पडतो हे ज्यांनी कधी शाळेत का होईना रंगाची पेटी हाताळली असेल त्यांना सांगावयास नको; इतरांसाठी थोडे विस्ताराने लिहितो. तैलरंगात चित्रकार काळोखाकडून उजेडाकडे जातो. गडद पार्श्वभूमी आधी घालावी, आणि शेवटी जाड पांढऱ्या-पिवळ्याचा एक ठिपका दिला की दिवा लागला. चुकला तर खरवडावा, पुन्हा द्यावा. पारदर्शक जलरंगाच्या शुद्ध पद्धतीत पांढरा रंग नसतोच. पांढरा म्हणजे कागद. चित्रकार उजेडाकडून काळोखाकडे जातो, आणि प्रत्येक हातासरशी थोडा थोडा उजेड गमावीत जातो. एकदा गेलेला उजेड परत मिळत नाही. पाण्याने धुवून काढू म्हटले तर कागदाचा पोत मरतो आणि तेथे एक आजारी डाग उरतो. म्हणून या पद्धतीत दिवा लावता येत नाही, तो पहिल्यापासून राखावा लागतो. भोवतालचा सारा अंधार थरावर थर चढत असता ती एवढीशी जागा कोरडी, अस्पर्श ठेवायची.

चित्रातली स्त्री हाताच्या आडोशाने ज्योत राखते आहे. आणि चित्रकार कुंचला आवरून तीच ज्योत राखतो आहे. विषय आणि पद्धत यांचा असा मेळ मुद्दाम जुळवून आणलेला असेल की नकळत जुळलेला असेल, हा प्रश्न आम्ही सोडून देतो. हळदणकरांना जलरंगावरील आपली हुकमत या चित्रात दाखवायची होती असे म्हणतात, आणि ते खरेही वाटते. चूक झाकण्यास जागा नसलेले माध्यम घेऊन त्यांनी सर्वांत चुकीला जागा असलेला विषय निवडला. परंतु कसरतीचा घाम या चित्रावर दिसत नाही. आडोशाच्या बोटांकडे पाहावे. रक्तामांसातून आलेला उजेड हा केवळ लाल नसतो. कडेला तो केशरी असतो, पेराशी काळसर होतो, आणि दोन बोटांच्या फटीत एकदम पिवळा होऊन निसटतो. कागदाच्या पांढऱ्यावर पातळ रंगाचे पडदे एकावर एक चढवल्याखेरीज हे साधणारे नाही. तैलरंगात ते रंगवता येईल; जलरंगात ते आतून येते.

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहात हे चित्र आम्ही पाहिले तेव्हा ते काळोख केलेल्या दालनात ठेवलेले होते. आम्ही प्रवास-सवलतीवर सहकुटुंब गेलो होतो. बरोबर मुले होती, पुढे वृंदावन उद्यान गाठायचे होते, आणि मागून लोक ढकलीत होते. तरी त्या अंधारात दोन-तीन मिनिटे उभे राहता आले. पहिला विचार मनात आला तो सांगावयास थोडा संकोच वाटतो: कोणी तरी फुंकर घालील ही भीती वाटली. त्याच वास्तूत रविवर्म्याची पौराणिक चित्रेही होती. दोघांच्या नावांची गल्लत होण्यास हा शेजारही कारणीभूत असावा. पाहणारा एका दालनातून दुसऱ्या दालनात जातो तो पहिल्या दालनातील नाव बरोबर घेऊनच.

एवढ्यावर हा लेख थांबला असता. पण गेल्या पावसाळ्यात ओमतीजवळच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात अमेरिकन जलरंगचित्रांचे एक पाठकोरे फाटलेले पुस्तक हाती लागले, आणि विचारांना वेगळेच वळण मिळाले. त्या पुस्तकात चार्ल्स बर्चफील्ड (१८९३-१९६७) या चित्रकाराची काही पाने आहेत. मूळ चित्रे आम्ही पाहिलेली नाहीत. पुढे जे लिहितो ते छापील प्रतिकृतींच्या बळावर, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

बर्चफील्ड ओहायो प्रांतातल्या सेलम नावाच्या लहान गावात वाढला. कलाशिक्षण घेऊन तो गावी परतला आणि एका कारखान्याच्या हिशेबखात्यात नोकरीस लागला. चित्रे काढावयाची ती जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी. (आमच्या या मासिकाच्या वाचकवर्गाला या माणसाविषयी एकदम आपलेपणा वाटावा, अशी ही माहिती आहे.) १९२१ साली तो बफेलो शहरी गेला, तेथे भिंतीवर चिकटवायच्या नक्षीदार कागदाच्या कंपनीत आठ वर्षे आराखडे काढीत राहिला, आणि १९२९ मध्ये नोकरी सोडून सर्वस्वी चित्रकलेकडे वळला. दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने त्याच्या तरुणपणच्या जलरंगचित्रांचे प्रदर्शन भरवले. एकाच चित्रकाराला वाहिलेले त्या संस्थेचे ते पहिले प्रदर्शन.

त्याचे विषय काय? लाकडी घरांच्या रांगा, उतरती छपरे, तारांचे खांब, पावसाने चिकचिकलेले रस्ते, मिटल्या दुकानांच्या दर्शनी बाजू, रात्री वाजणाऱ्या चर्चच्या घंटा. होय, घंटा! १९१७ च्या एका चित्रात पावसाळी हिवाळ्याच्या रात्री घंटेचा आवाज लहान मुलाला जसा भिववतो तसा त्याने काढला आहे. चर्चचा मनोरा एखाद्या हिंस्र पक्ष्यासारखा गावावर वाकलेला आहे आणि घरांच्या खिडक्या घाबरलेल्या डोळ्यांसारख्या झाल्या आहेत. पुढच्या वयात हे भुताळी वळण ओसरले आणि गाव जसे दिसते तसे, म्हणजे ओबडधोबड, धुरकट आणि थोडे खिन्न, येऊ लागले. १९३६ चे 'सिक्स ओक्लॉक' हे चित्र त्यातले. हिवाळ्याची संध्याकाळ, साऱ्या अंगणात बर्फ, एकासारखी एक घरे. आणि त्यांपैकी एका घराच्या खिडकीत दिवा लागलेला, आत जेवणाच्या मेजाभोवती माणसे बसलेली. खिडकी चित्राच्या मानाने चिमुकली आहे. पण डोळा फिरून फिरून तेथेच जातो.

हे चित्र पाहताना आम्हांला हळदणकरांची आठवण झाली नसती तरच नवल. दोघेही जलरंगाचे धनी, दोघांचाही विषय लहान गावातील घराची संध्याकाळ, दोघांच्याही चित्रात अंधाराच्या मानाने उजेड इवलासा. परंतु चित्रकार उभा कोठे आहे हे पाहा. बर्चफील्ड बाहेर, बर्फात उभा आहे. तो उजेड त्याच्यासाठी लावलेला नाही. आतल्या माणसांना तो तेथे आहे याची दखलही नाही. त्याच्या अंगावर पडणारी थंडी हाच त्या खिडकीचा अर्थ आहे; खिडकी ऊबदार दिसते, कारण आपण गारठलो आहोत. हळदणकर घरात उभे आहेत, दिव्यापासून दोन हातांवर. तो उजेड त्यांच्याही तोंडावर पडला असला पाहिजे. त्यामुळे त्यांच्या चित्रात ऊब आहे पण थंडी नाही, उजेड आहे पण ज्याच्यात तो उजळतो आहे ते गाव नाही.

येथे आमची हळदणकरांविषयीची तक्रार सुरू होते. बाईच्या मागे काय आहे? भिंत मातीची आहे की चिऱ्याची? दारापुढे तुळशीवृंदावन आहे काय, की हे मुंबईच्या चाळीतील खोलीचे दार आहे? चित्र सांगत नाही. हळदणकर १८८२ साली सावंतवाडीस जन्मले, विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईस आले, १९०८ मध्ये तेथे त्यांनी आपली कलासंस्था काढली आणि १९६८ साली निवर्तले. म्हणजे हे चित्र रंगवताना गाव सोडून त्यांना चाळीस वर्षे होऊन गेली होती. त्यांनी अंधार केला आणि त्या अंधारात सावंतवाडी आणि मुंबई दोन्ही बुडवून टाकल्या. त्यामुळे हे चित्र हिंदुस्थानातील कोणत्याही घराचे होऊ शकले, हा त्याचा विजय. दिनदर्शिकेवर ते जबलपूरपर्यंत पोचले ते त्यामुळेच. पण कोणत्याही घराचे झाले म्हणून ते कोणाच्याही नावावर खपले, हाही त्याचाच परिणाम नव्हे काय? भिंतीला चिरा दिसला असता, दारावर कोकणी कौलांची पागोळी दिसली असती, तर रविवर्म्याचे नाव त्याखाली छापण्यापूर्वी छापणाऱ्याचा हात क्षणभर अडखळला असता.

आणि ही तक्रार एकट्या हळदणकरांपुरती नाही. मराठी मुलखाने जलरंगाचे एकाहून एक थोर कारागीर दिले. कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी कोटितीर्थाचे पाणी आणि त्यावरची सकाळ ज्या मायेने रंगवली, तिला तोड नाही. आमच्या याच बाजूस, इंदुरास, दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ साली चित्रशाळा उभारली आणि तिच्यातून नारायण श्रीधर बेंद्र्यांसारखा चित्रकार बाहेर पडला. निसर्गदृश्याची दृष्टी या परंपरेला होती, यात शंका नाही. पण नदीचे घाट, देवळांची शिखरे, बाजाराचा दिवस यांवर जेवढे कागद खर्ची पडले त्याच्या दशांशाने तरी तालुक्याच्या गावातील कचेरीची गल्ली, शाळेची कौले, टपालपेटी, एस. टी.चा थांबा, पावसात कंदील घेऊन शिकवणीस निघालेला मुलगा यांच्या वाट्याला आले काय? शब्दांनी ते काम केले. जयवंत दळव्यांचे 'सारे प्रवासी घडीचे' १९६४ साली निघाले, आणि सावंतवाडीच्या शेजारचे ते वेंगुर्ल्याकडील जग, त्यातील माणसांच्या खोडींसकट, कायमचे आपले झाले. रंगांनी तो उद्योग क्वचितच केला. स्वातंत्र्याच्या आगेमागे दहा वर्षांत आपली लहान गावे कशी दिसत होती, हे आज जलरंगात पाहावयाचे म्हटले तर हाती येतो तो बहुधा घाट, देऊळ, आणि हा एक दिवा.

आमचे एक स्नेही, जे येथल्याच एका कारखान्यात नोकरीस आहेत आणि सुट्टीच्या दिवशी नर्मदेकाठी चित्रे काढीत बसतात, त्यांना हा लेख वाचून दाखवला तेव्हा त्यांनी दुहेरी आक्षेप घेतला. एक तर, ते म्हणाले, हळदणकरांचे हे चित्र म्हणजे शेवटी गोड चित्र आहे. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला, त्यातल्या तरुणांनी असल्या गोडव्याविरुद्धच बंड केले. तुम्ही पुन्हा तोच गोडवा डोक्यावर घेता. दुसरे असे की, गावाचे दस्तऐवज काढणे हे चित्रकाराचे काम नव्हे, ते नगरपालिकेचे.

पहिल्या आक्षेपास आमचे उत्तर असे की, गोडवा दिनदर्शिकेत आहे, मुळात तो फार थोडा आहे. छापताना अंधार उजळ केला जातो, चेहरा गुलाबी केला जातो, ज्योत पिवळीधमक केली जाते. आणि मग उरते ती हसरी गृहलक्ष्मी. मुळातला चेहरा हसरा नाही. तो कामात आहे. शीर्षकातली 'आशा' मात्र आम्हांलाही खटकते. ती चित्रात नाही, इंग्रजी पाटीवर आहे, आणि ती पाटी नसती तर काही बिघडले नसते. दुसऱ्या आक्षेपास आमच्याजवळ उत्तर नाही. बर्चफील्डची पाने आम्ही त्यांच्या पुढे ठेवली. ते बराच वेळ 'सिक्स ओक्लॉक' पाहत बसले, आणि मग नर्मदेविषयी बोलू लागले.

जबलपूरबद्दलही एक शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. गोलबाजारातील शहीद स्मारकाच्या भिंतींवर नंदलाल बसूंचे शिष्य ब्योहार राममनोहर सिन्हा यांची भित्तिचित्रे आहेत. इतिहास तेथे मोठ्या इतमामाने उभा आहे. भेडाघाटचे संगमरवरी कडे तर दर हिवाळ्यात शेकडो हौशी चित्रकारांच्या कागदावर उतरतात. ओमती मात्र कोणी रंगवीत नाही. नाल्यावरून घंटाघराकडे जाणारा रस्ता, सायंकाळी सुटलेल्या कचेऱ्यांची सायकल-स्कूटरींची रांग, धुरकट काचेच्या कंदिलामागे बसलेला भुईमूगवाला, आणि वरच्या मजल्यांवर एकामागून एक लागत जाणारे दिवे. बर्चफील्डला येथे एक हिवाळा सहज पुरला असता. आम्ही रोज संध्याकाळी त्या रस्त्याने येतो, आणि खरे सांगावयाचे तर आम्ही त्याच्याच जागी उभे असतो. परक्या गावाच्या खिडक्या बाहेरून पाहण्याचा सराव बदलीच्या नोकरीत आपोआप होतो. सुट्टीत गावी गेलो तर तेथले घरही थोडेसे बाहेरूनच दिसू लागते. देवघरात दिवा कोठे असतो हे आई विचारते आणि आम्हांला क्षणभर आठवत नाही. कदाचित म्हणूनच आम्हांला हळदणकरांचा दिवा मोठा वाटत असेल. या निर्णयात चित्राचा वाटा किती आणि आमच्या बदलीचा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

गेल्या दिवाळीत घरमालकांकडे फराळास गेलो असता आम्ही धीर करून चित्राखालच्या नावाची गोष्ट काढली. त्यांना राग आला नाही. त्यांनी चित्र खिळ्यावरून उतरवले, पाठीवरचा पुठ्ठा सोडवला, आणि एक कागदाची पट्टी आमच्यापुढे सरकवली. आम्ही तीवर देवनागरीत लिहिले: सा. ल. हळदणकर, जलरंग, १९४५-४६. पट्टी इंग्रजी अक्षरांवर बरोबर बसली. भाभीजींनी विचारले, हे हळदणकर कुठले? सावंतवाडीचे, आम्ही म्हणालो. आणि ती कोठे आली? हे समजावून सांगावयास भारताचा नकाशा लागला, मग रेल्वेचे वेळापत्रक; आणि येथून तेथवर जावयाचे तर गाड्या किती बदलाव्या लागतील याचा हिशेब करीत आम्ही सारे रात्री उशिरापर्यंत त्याच चित्राखाली बसून राहिलो.